स्कूबा सर्टिफिकेशन कोर्सची तुलना कशी करावी: कार्डाआधी पाण्यातले तास मोजा

एकाच बोटीवरून दोघं पाण्यात उतरतात. दोघांकडे एकाच संस्थेचं ओपन वॉटर कार्ड, म्हणजे डायव्हिंगचं प्रमाणपत्र, पाठीवर सारखीच १२ लिटरची टाकी. तळाशी पोचल्यावर पहिला वाळूच्या वीतभर वर आडवा तरंगत राहतो. श्वास घेतला की चार बोटं वर, सोडला की चार बोटं खाली. हात पोटाशी, फिन्स स्थिर. दुसरा उभाच आहे. सायकल चालवल्यासारखे पाय मारतोय, मिनिटामिनिटाला अंगातल्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरतोय आणि लगेच सोडतोय, मागे गढूळ पाण्याचा पट्टा उठलाय. पंचवीस मिनिटांत त्याच्या हवेच्या गेजचा काटा ५० बारवर, म्हणजे राखीव हवेवर, येतो आणि त्याच्यामुळे पहिल्यालाही वर यावं लागतं.

तो दुसरा मी होतो. माझ्या कोर्समध्ये एका प्रशिक्षकामागे आम्ही आठ जण होतो. सगळी कौशल्यं तळावर गुडघे टेकून करून घेतली गेली, चार डाइव्ह झाल्या, कार्ड आलं. एकही नियम मोडलेला नव्हता. तरी पाण्यात तरंगत राहणं, म्हणजे डायव्हिंगमधली सर्वांत मूळ गोष्ट, मला येत नव्हती. ती मी नंतर दुसऱ्या एका प्रशिक्षकाकडे पुन्हा शिकलो. कोर्स घेण्याआधी कोणत्या गोष्टींची तुलना करायला हवी होती हे मला तिथे कळलं. तेच इथे पायरीपायरीने लिहितो आहे.

पायरी १: तुम्हाला नक्की काय हवंय ते ठरवा

जाहिरातीत सगळ्यालाच ‘स्कूबा’ म्हणतात, पण तीन वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे नुसता अनुभव. डिस्कव्हर स्कूबा, ट्राय स्कूबा अशी तिची नावं. थोडी माहिती, उथळ पाण्यात थोडा सराव, मग प्रशिक्षकाच्या हाताखाली जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत एक फेरी. हे सर्टिफिकेशन नाही. पाणी तुम्हाला मानवतं का हे कळायला मात्र हा उत्तम मार्ग आहे.

दुसरी म्हणजे ‘स्कूबा डायव्हर’ हे अर्धं कार्ड. पॅडी आणि एसएसआय या दोन्ही संस्था ते देतात. त्यावर १२ मीटरपर्यंत जाता येतं, पण प्रत्येक वेळी व्यावसायिक डायव्हर सोबत लागतो. दोनच दिवस हाताशी असतील आणि उरलेला भाग नंतर पुरा करायचा असेल तरच ते घ्या.

तिसरी म्हणजे ओपन वॉटर किंवा त्याच्या तोडीचं कार्ड. ते मिळालं की आपल्याच पातळीच्या जोडीदारासोबत, कोणाच्या देखरेखीशिवाय डाइव्ह करायला तुम्ही पात्र ठरता. नावं संस्थेगणिक बदलतात, म्हणून एक आंतरराष्ट्रीय खूण लक्षात ठेवा: आयएसओ २४८०१. त्याचे तीन भाग आहेत. २४८०१-१ म्हणजे देखरेखीखालचा डायव्हर, २४८०१-२ म्हणजे स्वतंत्र डायव्हर, २४८०१-३ म्हणजे इतरांना पाण्यात नेणारा डाइव्ह लीडर. कोर्सचं नाव काहीही असो, ‘हा २४८०१-२ ला जुळतो का?’ एवढं विचारलं की नावांचा गोंधळ संपतो.

पायरी २: पैसे भरण्याआधी आरोग्याचा फॉर्म भरा

ही पायरी लोक शेवटी ठेवतात आणि पस्तावतात. कोणत्याही चांगल्या कोर्सच्या सुरुवातीला आरोग्याची प्रश्नावली येते. हा फॉर्म २०२० मध्ये नव्याने तयार झाला. त्यात फुप्फुसं, हृदय, कान, शस्त्रक्रिया, फिट येणं, मधुमेह, मानसिक आरोग्य आणि चालू औषधं यांबद्दल प्रश्न असतात. ठरावीक प्रश्नांना ‘हो’ उत्तर आलं तर डॉक्टरांच्या सहीशिवाय पाण्यात उतरता येत नाही. लोक प्रवासाची तिकिटं काढतात, केंद्रावर पोचतात, फॉर्म हातात येतो आणि लहानपणीचा दमा आठवतो. मग एक तर खोटं लिहायचं, नाहीतर परत जायचं. खोटं लिहू नका. १० मीटरवर भोवतालचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसातली हवा दुप्पट व्हायला बघते. फुप्फुसाच्या एखाद्या भागातून हवा बाहेर पडायला अडत असेल तर तो भाग फाटू शकतो. फॉर्मवरचे प्रश्न यासाठीच आहेत.

फॉर्म आधीच मागवून घ्या. गरज असेल तर डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना दाखवा. केंद्राने फॉर्म पाठवायला टाळाटाळ केली, किंवा ‘सगळीकडे नाही लिहून टाका’ असा सल्ला दिला, तर ते नाव तिथेच खोडा.

पोहण्याचीही चाचणी असते. पॅडीच्या ओपन वॉटरसाठी २०० मीटर सलग पोहावं लागतं, वेळेचं बंधन नाही. त्याऐवजी मास्क, फिन्स, स्नॉर्केल लावून ३०० मीटर चालतं. शिवाय १० मिनिटं कशाचाही आधार न घेता तरंगायचं. वेग कोणी मोजत नाही, पण खोल पाण्यात छातीत धडधडत असेल तर आधी दोन महिने पोहण्याला द्या. हा सल्ला मी प्रत्येकाला देतो.

पायरी ३: संस्था ओळखा, पण तिथेच अडकू नका

कार्ड देणारी संस्था आणि तुम्हाला शिकवणारं केंद्र या वेगळ्या गोष्टी आहेत. संस्था अभ्यासक्रम आणि किमान नियम ठरवते, शिकवतो तो प्रशिक्षक. संस्थांचे स्वभाव मात्र जाणून घेण्यासारखे आहेत, आणि ते त्यांच्या जन्मातून आलेले आहेत.

जुन्या संस्था क्लबांतून आल्या. ब्रिटनची बीसॅक १९५३ ची. सदस्यांनी एकमेकांना शिकवायचं, हवामान वाईट असेल तर पुढच्या रविवारी जायचं, अशी तिची रीत. सीमास ही राष्ट्रीय महासंघांची जागतिक संघटना १९५९ मध्ये स्थापन झाली आणि फ्रान्सचे प्रसिद्ध समुद्रसंशोधक झाक कुस्तो तिचे पहिले अध्यक्ष होते. तिच्या कार्डांवर तारे असतात: एक, दोन, तीन. ती प्रत्येक देशाच्या महासंघामार्फत चालत असल्यामुळे एका देशातला एक तारा दुसऱ्या देशातल्या एका ताऱ्यासारखाच शिकवलेला असेल असं नाही. फ्रान्सच्या महासंघाचं पहिल्या पातळीचं कार्ड २० मीटरपर्यंत चालतं, पण फक्त मार्गदर्शकासोबत. स्वतंत्रपणा तिथे दुसऱ्या पातळीवर मिळतो.

अमेरिकेत नॉई १९६० मध्ये सुरू झाली. तिच्या प्रशिक्षकाला किमान नियमांच्या वर स्वतःच्या अटी घालण्याची मोकळीक असते. त्यामागे एक साधी कसोटी आहे: या विद्यार्थ्याच्या सोबत माझ्या जिवाभावाच्या माणसाला मी पाण्यात पाठवेन का? १९६६ मध्ये जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिक्सन यांनी पॅडी सुरू केली. तिने शिक्षण लहान लहान भागांत तोडलं. एक भाग शिका, करून दाखवा, पुढे चला. ठरवलेलं सगळं करून दाखवलंत की प्रशिक्षकाला जादा अटी घालून कार्ड अडवता येत नाही. आज ती जगातली सर्वांत मोठी संस्था आहे, आणि ‘मला पॅडी करायचंय’ असं लोक अख्ख्या डायव्हिंगबद्दल म्हणतात ते त्यामुळेच. एसएसआय १९७० ची. तिचा प्रशिक्षक एकट्याने शिकवू शकत नाही, त्याला मान्यताप्राप्त केंद्राशी जोडलेलं असावं लागतं. पॅडीचा प्रशिक्षक स्वतंत्रपणेही शिकवू शकतो. एसडीआय १९९८ ची, तांत्रिक, म्हणजे हौशी मर्यादांपलीकडचं, डायव्हिंग शिकवणाऱ्या टीडीआयची धाकटी बहीण. खोली आणि वेळेच्या छापील तक्त्यांऐवजी पहिल्या दिवसापासून तोच हिशेब पाण्यात करणारा डाइव्ह कॉम्प्युटर शिकवण्याचा आग्रह तिने धरला. १९९८ मध्येच सुरू झालेली जीयूई पाण्यातला तोल, आडवी ठेवण आणि संघाने डाइव्ह करणं यांबद्दल फार कडक आहे. धूम्रपान करणाऱ्याला ती कोर्सला घेत नाही. रेडचा जन्म २००७ मध्ये रीब्रीदर, म्हणजे सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा वापरणारं साधन, शिकवण्यासाठी झाला, नंतर ती सर्वसाधारण डायव्हिंगकडे आली. तरंगत शिकवण्यावर तिचाही भर आहे.

जगभरातली बहुतेक केंद्रं या सगळ्यांची कार्डं मानतात. पॅडीचं ओपन वॉटर घेऊन पुढचा कोर्स एसएसआयकडे करता येतो, उलटही चालतं. त्यामुळे ‘चुकीच्या संस्थेत अडकलो’ ही भीती सोडून द्या.

पायरी ४: कार्डं एकाच मापाने मोजा

कागद घ्या आणि समोर असलेल्या प्रत्येक कोर्सबद्दल तीन गोष्टी लिहा: किती खोल, कोणासोबत, किती डाइव्हनंतर.

खोलीच्या आकड्यांत सुरुवातीला फार फरक नसतो. पॅडी, एसएसआय, नॉई यांच्या पहिल्या कार्डाची मर्यादा १८ मीटर. बीसॅकच्या ओशन डायव्हरची, सीमासच्या एका ताऱ्याची आणि रेडच्या ओपन वॉटरची २०. हा दोन मीटरचा फरक निर्णयाचं कारण होऊ शकत नाही. ओशन डायव्हरमध्ये नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, वापरण्याचं शिक्षण धरलेलं असतं, इतर बहुतेक ठिकाणी तो वेगळा कोर्स असतो. तुलना करताना हा फरक जमेस धरा.

१८ वरून ३० मीटरवर जाणं मात्र खरंच मोठी गोष्ट आहे. ती आकड्यांतून पाहू. १२ लिटरची टाकी २०० बारला भरली की तिच्यात सुमारे २,४०० लिटर हवा असते. ५० बार राखीव ठेवले तर वापरायला उरते १,८०० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्या माणसाला १८ मीटरवर त्याच्या २.८ पट, म्हणजे ५६ लिटर लागतात. हवा पुरते ३२ मिनिटं. ३० मीटरवर चौपट, म्हणजे ८० लिटर. हवा पुरते २२ मिनिटं. शिवाय शरीरात नायट्रोजन मुरतो. पॅडीच्या तक्त्याप्रमाणे साध्या हवेवर, वर येताना तो नायट्रोजन बाहेर पडू देण्यासाठीचे सक्तीचे थांबे न घेता, १८ मीटरवर ५६ मिनिटं राहता येतं, ३० मीटरवर फक्त २०. म्हणजे खोल गेल्यावर दोन्ही घड्याळं एकदम धावू लागतात, आणि नवख्या माणसाचा श्वास तर २० लिटरवर थांबतच नाही.

‘कोणासोबत’ हा रकाना लोक रिकामा सोडतात. देखरेखीखाली २० मीटर आणि स्वतंत्रपणे १८ मीटर यांत दुसरं कार्ड मोठं आहे. मुलांसाठी अटी आणखी वेगळ्या असतात. पॅडीचा ज्युनियर कोर्स १० व्या वर्षापासून करता येतो, पण १०-११ वर्षांच्या मुलाने १२ मीटरच्या खाली जायचं नाही, आणि सोबत सर्टिफाइड पालक किंवा व्यावसायिक डायव्हर हवा.

पायरी ५: पाण्यातला वेळ मोजा

सगळ्या तुलनेचा गाभा इथे आहे.

ओपन वॉटरसाठी खुल्या पाण्यातल्या चार डाइव्ह हे प्रचलित किमान प्रमाण. पण डाइव्ह कशाला म्हणायचं? पॅडीच्या नियमात वेळ बहुतांशी ५ मीटर किंवा जास्त खोलीवर घालवून २० मिनिटं झाली, किंवा १,४०० लिटर हवा वापरली, की ती प्रशिक्षणाची डाइव्ह धरली जाते. म्हणजे चार डाइव्ह ऐंशी मिनिटांत बसू शकतात, आणि दुसऱ्या केंद्रावर त्याच चार डाइव्ह प्रत्येकी ४५ मिनिटांच्या, म्हणजे तीन तासांच्या असू शकतात. कार्ड एकच, फरक दुपटीहून जास्त.

आता विद्यार्थ्यांची संख्या धरा. पॅडीच्या नियमांनुसार खुल्या पाण्यात एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त ८ विद्यार्थी, सर्टिफाइड सहायक असतील तर १२ पर्यंत. हा कमाल आकडा आहे, योग्य आकडा त्याच्या बराच खाली असतो. आठ जणांच्या वर्गात प्रत्येकाने मास्कमधलं पाणी काढून दाखवायला दोन मिनिटं घेतली तर एका कौशल्यात सोळा मिनिटं जातात. त्यातली दोन तुमची. उरलेली चौदा मिनिटं तुम्ही वाळूवर गुडघे टेकून, गारठत, आपली पाळी येण्याची वाट बघत असता. चार जणांच्या वर्गात तेच काम आठ मिनिटांत होतं आणि उरलेल्या वेळात प्रशिक्षक तुम्हाला पोहायला नेतो. माझ्या मते एकामागे चार ही चांगल्या वर्गाची सीमा आहे. पाणी गढूळ किंवा थंड असेल तर दोन.

गुडघे टेकण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं. तळावर टेकून शिकवायला सोपं जातं. विद्यार्थी एका जागी राहतात, प्रशिक्षकाला सगळे दिसतात. त्यासाठी त्यांना जास्त वजन बांधतात, म्हणजे ते हलत नाहीत. पण जास्त शिसं बांधलेल्या माणसाला तरंगायला जॅकेटमध्ये जास्त हवा भरावी लागते, आणि ती हवा स्थिर राहत नाही. एक मीटर वर गेलं की फुगते, आणखी वर ओढते. एक मीटर खाली गेलं की आक्रसते, आणखी बुडवते. सुरुवातीला सांगितलेला तो दुसरा डायव्हर सतत बटणं दाबत होता ते यामुळे. दुसऱ्या प्रशिक्षकाने पाण्यात उतरण्याआधी माझ्या पट्ट्यातलं तीन किलो शिसं काढून किनाऱ्यावर ठेवलं. मी घाबरलो, बुडणारच नाही असं वाटलं. त्यांनी पृष्ठभागावर जॅकेट पूर्ण रिकामं करायला लावलं आणि छाती भरून श्वास घ्यायला सांगितला. पाणी डोळ्यांच्या रेषेत येऊन थांबलं. श्वास सोडला आणि मी हळूच खाली गेलो. वजन बरोबर आहे की नाही हे तपासायची पद्धत इतकी साधी आहे, आणि पहिल्या कोर्समध्ये ती माझ्यावर कोणी केलीच नव्हती. त्यांनी एक गोष्ट पुढे सांगितली: टाकीतल्या हवेलाही वजन असतं. १,८०० लिटर हवा वापरली की तुम्ही सुमारे दोन किलोंनी हलके होता. म्हणून डाइव्हच्या शेवटी, ५ मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षा थांबा घेताना, जवळजवळ रिकाम्या टाकीनिशी तरंगता आलं पाहिजे. वजन त्या क्षणासाठी ठरवायचं.

२०१४ मध्ये पॅडीने ओपन वॉटरचा अभ्यासक्रम सुधारला तेव्हा तरंगण्याच्या तोलावर भर वाढवला. पण नियमात ‘भर’ आहे म्हणून समोरचा प्रशिक्षक तसंच शिकवतो असं होत नाही. ते विचारूनच कळतं.

दिवसही मोजा. पॅडीमध्ये एका दिवसात प्रशिक्षणाच्या तीनपेक्षा जास्त डाइव्ह चालत नाहीत, म्हणून चार डाइव्हना निदान दोन दिवस लागतात. त्याआधी पोहण्याच्या तलावातलं किंवा तसल्याच शांत, उथळ पाण्यातलं शिक्षण असतं, पॅडीत त्याचे पाच टप्पे आहेत. ‘सगळं मिळून दोन दिवस’ असं ऐकू आलं तर उथळ पाण्यातला कुठला भाग कापलाय हे विचारा. चार दिवसांचा कोर्स मला योग्य वाटतो, आणि कान दुखले किंवा समुद्र खवळला तर हाताशी एक दिवस मोकळा असावा.

पायरी ६: प्रशिक्षकाशी स्वतः बोला

केंद्राच्या टेबलावरच्या माणसाशी नव्हे, जो पाण्यात तुमच्यासोबत असणार त्याच्याशी. पंधरा मिनिटं पुरतात.

वर्गात किती जण असतील आणि तो आकडा ऐनवेळी वाढणार नाही ना, हे विचारा. कौशल्यं गुडघ्यांवर करून घेता की तरंगत? एखाद्याला चौथ्या दिवशीही जमलं नाही तर काय करता? ‘आमच्याकडे सगळे पास होतात’ हे उत्तर ऐकायला गोड असलं तरी वाईट आहे. ‘जादा सत्र देतो, त्याचे इतके पैसे होतात, तरी नाही जमलं तर कार्ड देत नाही’ हे उत्तर चांगलं. बोटीवर आपत्कालीन ऑक्सिजन आहे का, आणि अपघात झाला तर सर्वांत जवळचा रीकम्प्रेशन चेंबर, म्हणजे डायव्हरवर दाबाखाली उपचार करणारी खोली, कुठे आहे? चांगला प्रशिक्षक या प्रश्नाला न अडखळता उत्तर देतो, कारण त्याने तो विचार रोज केलेला असतो. प्रशिक्षकाचा क्रमांकही मागा. मोठ्या संस्थांच्या संकेतस्थळावर तो टाकून पाहता येतो की परवाना चालू आहे की नाही.

जमलं तर त्यांचा तलावातला एक वर्ग काठावर बसून बघा. मास्कमधलं पाणी काढण्याचा सराव चालू असेल तेव्हा नजर प्रशिक्षकावर ठेवा, विद्यार्थ्यावर नको. क्रिया सोपी आहे: वरची कड कपाळाशी दाबायची, नजर किंचित वर, नाकातून सलग श्वास सोडायचा, पाणी खालच्या कडेने निघून जातं. पण पहिल्यांदा नाकाला पाणी लागलं की शरीर गडबडतं आणि माणूस वर पळू बघतो. त्या क्षणी प्रशिक्षकाचा हात विद्यार्थ्याच्या जॅकेटच्या पट्ट्यापाशी आहे का? घाबरलेल्याला तो धीराने परत त्याच जागी आणतो, की मान डोलावून पुढच्याकडे वळतो? मला पुन्हा शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने एका मुलीला ते अकरा वेळा करू दिलं. एकदाही घाई केली नाही. शेवटच्या वेळी तिने मास्क पूर्ण काढला, तसाच श्वास घेत मिनिटभर राहिली, आणि परत लावला.

पायरी ७: फीमध्ये काय आहे ते लिहून घ्या

दोन केंद्रांच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली की बहुधा काहीतरी वगळलेलं असतं. अभ्याससाहित्य किंवा ऑनलाइन कोर्सचं शुल्क, कार्डाचं शुल्क, साधनांचं भाडं, बोट, तलावाचं प्रवेशशुल्क, विमा, जादा सत्र. एकेक विचारा आणि दोन्हीकडच्या बेरजा करा. मग बेरजेला पाण्यातल्या तासांनी आणि विद्यार्थ्यांच्या संख्येने तोलून बघा. स्वस्त कोर्स पुष्कळदा तासाच्या हिशेबाने महाग निघतो.

पायरी ८: थिअरी घरी, समुद्र दुसरीकडे

थिअरी आता जवळजवळ सगळ्याच संस्थांकडे ऑनलाइन करता येते, आणि तशीच करावी. सुट्टीतले दिवस वर्गात बसून घालवू नका. उथळ पाण्यातलं शिक्षणही राहत्या गावाजवळ उरकून खुल्या पाण्यातल्या चार डाइव्ह दुसरीकडे करता येतात. याला रेफरल म्हणतात. पॅडीमध्ये ते कागद शेवटच्या पूर्ण झालेल्या भागापासून १२ महिने चालतात. यात एकच अडचण आहे: पहिला प्रशिक्षक काय शिकवून गेला हे दुसऱ्याला ठाऊक नसतं, म्हणून तो सुरुवातीला तुमची परीक्षा घेईल. घेतली नाही तर तुम्हीच मागा.

पायरी ९: पुढचं कार्ड आत्ताच बघून ठेवा

‘ॲडव्हान्स्ड’ या शब्दाने सर्वांत जास्त फसगत होते. पॅडीचा ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर म्हणजे पाच डाइव्ह. त्यातली एक खोल, एक दिशाशोधनाची, तीन आवडीच्या. ओपन वॉटर झाल्याझाल्या तो करता येतो, म्हणजे आयुष्यातल्या नवव्या डाइव्हनंतर ३० मीटरचं कार्ड हातात. एसएसआयमध्ये याच्या तोडीचा कोर्स आहे ॲडव्हान्स्ड ॲडव्हेंचरर. तिथे ‘ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर डायव्हर’ हा किताब चार स्पेशालिटी, म्हणजे एकेका विषयाचे छोटे कोर्स, आणि २४ डाइव्हनंतर मिळतो. एसडीआयचा ॲडव्हान्स्ड चार स्पेशालिटी आणि २५ डाइव्ह मागतो. तीन कार्डांवर एकच शब्द, आणि अनुभवात नऊ आणि पंचवीस इतकं अंतर.

पाच डाइव्हचा कोर्स वाईट नाही. दोन कोर्स पाठोपाठ करणं मला खटकतं. मध्ये पंधरा-वीस साध्या डाइव्ह होऊ द्या. वर दिलेला हवेचा हिशेब आठवा. ३० मीटरवर जाण्याआधी श्वास संथ झालेला असावा, आणि तो शिकवून होत नाही, डाइव्ह करूनच होतो. नायट्रॉक्स मात्र लवकर करायला हरकत नाही. ३२ किंवा ३६ टक्के ऑक्सिजनची हवा वापरली की नायट्रोजन कमी मुरतो आणि मध्यम खोलीवर जास्त वेळ मिळतो. उलट बाजू अशी की खोलीला मर्यादा येते, ३२ टक्क्यांना ती सुमारे ३३ मीटर. त्याखाली ऑक्सिजनच विषारी ठरू शकतो.

आणि रेस्क्यू, म्हणजे बचावाचा कोर्स, करा. कोणत्याही संस्थेचा करा. इथवर तुम्ही स्वतःला सांभाळायला शिकलेले असता, रेस्क्यूमध्ये पहिल्यांदा नजर जोडीदाराकडे वळते. त्याच्या बुडबुड्यांची लय बदलली, तो फिन्स भराभर मारू लागला, डोळे मोठे झाले, हे तुम्हाला आधी दिसू लागतं. पॅडीमध्ये त्यासाठी गेल्या २४ महिन्यांतलं प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण लागतं, ते बहुधा सोबतच उरकता येतं.

पायरी १०: कार्ड आल्यावर

पहिल्या दहा डाइव्ह शक्यतो प्रशिक्षणाच्या वेळी होतं तशाच पाण्यात करा: तेवढीच खोली, तेवढंच स्वच्छ, तेवढाच प्रवाह. लॉगबुकात खोली आणि मिनिटांसोबत तीन गोष्टी लिहा: किती किलो वजन बांधलं, कोणता सूट होता, किती बारने सुरू करून कितीवर वर आलात. पुढच्या ठिकाणी ‘किती शिसं लागतं?’ असं विचारलं की तुमच्याकडे अंदाज नसून उत्तर असेल. परतीचं विमान असेल तर डायव्हर्सच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या डॅन या संस्थेच्या मार्गदर्शनाप्रमाणे थांबे न लागलेल्या एका डाइव्हनंतर निदान १२ तास, आणि अनेक दिवसांच्या किंवा दिवसातल्या अनेक डाइव्हनंतर निदान १८ तास जाऊ द्या. मी पूर्ण दिवस सोडतो.

कार्डाची मुदत संपत नाही, हाताची सवय मात्र सुटते. सहा महिने ते वर्षभर पाण्यात उतरला नसाल तर आधी रिफ्रेशर घ्या. त्या दिवशी प्रशिक्षकाला पहिली पाच मिनिटं मागून घ्या: जॅकेट रिकामं, छाती भरून श्वास, आणि पाणी डोळ्यांच्या रेषेत थांबतंय का ते बघा.